जनार्दनरावांची सही

३ जानेवारी २००५, सोमवार

अन् वर मलाच म्हणते, "तुमाला जित्या माणसापरीस फोटो बरे. ते उलटून बोलत न्हाईत." दिवाळीला गेलो नाही हे कबूल. पण का गेलो नाही ते ऐकूनच घ्यायचं नाही. लग्नाला दोन वर्षं होत आली, त्यातले दोन महिनेसुद्धा तुम्ही घरी नव्हता, हे दर फोनला ऐकवायचं. अरे पण बाईमाणसाला पुण्यात आणून ठेवू कुठं? रद्दीच्या दुकानाच्या माळ्यावर? तिथं आम्ही चौघं झोपतो. पाय लांब केला की वर्तमानपत्रांची थप्पी अंगावर येते.

आज तिनं शेवटचं सांगितलं. रथसप्तमीपर्यंत न्यायला या, न्हाईतर मी माहेरी जाते, अन् गेले की परत येनार न्हाई. मी म्हणलं, "दीपमाला, धमकी देतीस का?" तर म्हणते, "धमकी न्हाई. तारीख देलाले."

फोन तिनंच ठेवला. एसटीडीवाला मीटरकडं बघून हसत होता.

ही डायरी माझ्या कामावरच्या दिग्विजय साहेबांनी दिली. त्यांच्या कॉम्प्युटर कंपनीची आहे, पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरं. म्हणाले, "लिहीत जा उत्तरेश्वर, अक्षर सुधारेल." आठवीत शाळा सुटली त्याला आठ-नऊ वर्षं झाली. अक्षर सुधारून कुणाला दाखवायचं आहे?

६ जानेवारी

खोली बघितली. धायरीत, वेणूबाईंची. त्यांचा ऊस होता तिथं आता ओळीनं पत्र्याच्या खोल्या आहेत. नळ बाहेर, पण स्वतंत्र. खिडकीतून डोंगर दिसतो. वेणूबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "सडाफटिंग हाय का?"

"नाही मावशी. लग्न झालंय."

"समदे असंच म्हणत्यात. मागच्या पोरानं बहिणीचा फोटू बायकू म्हनून दावला. बायकू कुटं हाय?"

"गावाकडं. उदगीरच्या पुढं."

"मग आन. डिपॉझिट पंधरा हजार. रथसप्तमीपत्तूर थांबंन."

सगळ्यांना रथसप्तमीच बरी सापडली आहे.

९ जानेवारी, रविवार

आज जुन्या बाजारात नुसता हिंडलो. काही मिळालं नाही. पाय थांबत नव्हते. शिवाजीनगर स्टँडवरून जाताना नाशिकची गाडी लागली होती, अर्धी रिकामी. वाटलं, बसावं. नाशिकला माझं कोणी नाही, म्हणूनच वाटलं. असंच आधी हॉटेल सोडलं, मग सिक्युरिटीची टोपी सोडली, मग हिंजवडीच्या कॅन्टीनचं काम. दीपमाला म्हणते तुमच्या बुडाला काटे आहेत. खोटं नाही.

पण हे काम बरं चाललं आहे. खडकीला पोपटशेठच्या रद्दीत होतो, तेव्हा क्वार्टर सोडून चाललेल्या एका कुटुंबाच्या रद्दीत एका लेखकाचा काळापांढरा फोटो सापडला, खाली शाईनं सही. चेहरा भारदस्त होता म्हणून फाडला नाही. दिग्विजय साहेब जुनी पुस्तकं बघायला आले होते, त्यांनी घासाघीस न करता पाचशे रुपये दिले. पाचशे! रद्दीत त्याचं वजन सुद्धा आलं नसतं. मग त्यांनी मलाच कामाला ठेवलं. जुन्या घरांत जायचं, मेलेल्या मोठ्या लेखकांचे सहीचे फोटो विचारायचे, आणायचे. पगार, एम-एटी गाडी, अन् सहीच्या फोटोला वेगळे पैसे. सही नसेल तर साहेब फुकट दिला तरी घेत नाहीत. मी एकदा विचारलं, चेहरा तर तोच असतो ना? म्हणाले, "चेहरा कॅमेऱ्यानं काढलेला असतो. सही त्याच्या हाताची असते. त्या कागदाला तो माणूस शिवलेला असतो."

आता त्यांना ज. वि. मोरगिरीकर पाहिजेत. कादंबऱ्यावाले. साहेबांच्या भिंतीवर त्यांचे अकरा आहेत, पण न्यू जर्सीतले कोणी मराठी गृहस्थ मिळतील तेवढे घ्यायला तयार आहेत. एका फोटोला मला तीन हजार. मोरगिरीकरांची बायको बिबवेवाडीला असते म्हणे.

११ जानेवारी

गेलो. दार साखळीपुरतं उघडलं.

"गॅसवाले का?"

"नाही आजी. फोटोसाठी आलो."

"आमच्याकडे आता कुणाचा फोटो काढायचा राहिलेला नाही."

"काढायला नाही, न्यायला."

"मग सरळ चोर म्हणा की. या आत. चपला बाहेर."

विमलाबाई. ऐंशीच्या आसपास, काठीसारख्या ताठ. मुलगी ललिताताई, बँकेतून व्हीआरएस घेऊन घरी बसलेली, आईच्या गोळ्या अन् टीव्हीचा रिमोट दोन्ही सांभाळते. भिंतीवर मोरगिरीकर, हारासकट. मी ओळखलंच. म्हणलं, "आजी, हे आम्हाला पुस्तकात होते. मी पेनानं चष्मा काढला होता ह्यांना."

"यांना चष्मा होताच. फोटोपुरता काढून ठेवायचे. तू दुरुस्तीच केलीस."

"विहिरीचा धडा होता."

"ती विहीर माझ्या माहेरची. यांनी कधी पाहिलीसुद्धा नाही."

म्हाताऱ्या माणसाला बोलायला कोणी लागतं. मी मान हलवली.

कपाटातून त्यांनी शंकरपाळ्यांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत गठ्ठाच. तोच फोटो, तोच कोट, तशीच मान. प्रकाशकानं काढून दिलेले. त्या काळी वाचक पत्र लिहायचे, सहीचा फोटो पाठवा म्हणून. एकावरही सही नव्हती. मी तोंड पाडून उठलो.

"सही हवीय का?" आजी म्हणाल्या.

"सहीच तर पाहिजे."

टेबलाच्या खणातून दौत अन् टाक काढला, फोटो पुढं ओढला अन् खालच्या पांढऱ्या पट्टीत एका दमात लिहिलं: ज. वि. मोरगिरीकर. खाली लांब रेघ, रेघेच्या शेवटी दोन ठिपके. ही सही मी साहेबांच्या भिंगातून कितीदा बघितली आहे.

"आजी, हे तर त्यांचं नाव."

"मग कुणाचं लिहू? वरच्या मजल्यावरच्या लेल्यांचं?"

"तेव्हापण तुम्हीच...?"

"यांना पत्रं उघडायचासुद्धा कंटाळा. लोकांनी परतीचं तिकीट लावून पाठवलेलं. टाकून द्यायचं? पहिल्यापासून मीच करते. जेवढे या घरातून गेले तेवढे सगळे."

मी म्हणलं, ज. म्हणजे काय हो आजी? तर म्हणाल्या, "वाचता येतं ना? पुस्तकावर बघ."

आतून ललिताताई ओरडल्या, "जनार्दन! आई बाबांचं नाव घेत नाही. आजवर घेतलेलं नाही."

बाहेर येऊन गाडीला किक मारली. बोलायचं नाही अन् लिहायचं मात्र शेकड्यांनी. दीपमाला पण माझं नाव घेत नाही. पण ती लिहीत पण नाही.

१२ जानेवारी

साहेबांनी भिंग लावलं. आधीच्या अकरांशेजारी धरून बघितला. रेघ, ठिपके, 'मो'ची मात्रा. श्वास धरून बघतात ते, डॉक्टरसारखे. मग म्हणाले, "ओरिजिनल. शंभर टक्के." तीन हजार दिले.

मी नोटा मोजून घेतल्या. नकली म्हणावं तर अकरा आधीचेही त्याच हाताचे. अस्सल म्हणावं तर कालची शाई आहे. मधेच कुठंतरी उभा आहे मी अन् हातात तीन हजार आहेत.

१५ जानेवारी

तिळगूळ घेऊन गेलो. अजून सही मागितली. आजींनी टाक उचलला अन् खाली ठेवला.

"एकाचे किती मिळतात तुला?"

खोटं बोलणार होतो. त्यांनी अशी नजर लावली की खरं निघालं.

"निम्मे," त्या म्हणाल्या. "पहिल्याचे पण. अन् रोख. उधारीवर मी यांनासुद्धा चहा देत नव्हते."

ललिताताई म्हणाल्या, "आई, हे बरोबर नाही हं."

"चाळीस वर्षं फुकट केलं ते बरोबर होतं का?"

मग त्यांनी दोन करून दिले. सही करताना त्यांचा हात कापत नाही. चहाचा कप धरताना कापतो.

२२ जानेवारी

झोप नाही. चार झाले, पाचवा वाळतो आहे. शाई ताजी दिसू नये म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवायचा, ही युक्ती आजींचीच. वेणूबाईंना आजवरचे पैसे नेऊन दिले. त्यांनी नोट नोट उन्हात धरून बघितली. म्हणाल्या, "काम काय करतूस?" म्हणलं, फोटोंचं. "ष्टुडिओ हाय का?" म्हणलं, तसंच काहीतरी.

दीपमालाला सांगितलं खोली जवळपास झाली. ती म्हणाली, "जवळपास म्हंजी झाली का न्हाई?" हिला वकील करायला पाहिजे होतं.

मग म्हणलं, एकदा माझं नाव घे की. तर हळूच म्हणते, "अहो, काय करलालाव तुमी तिकडं? पिऊन आलाव का?"

२९ जानेवारी

घात झाला. साहेब म्हणतात, न्यू जर्सीवाल्यांना खात्री पाहिजे. नवीन व्हिडिओ कॅमेरा आणलाय. विमलाबाईंच्या घरी जायचं, त्यांच्यापुढं फोटो धरायचा, अन् त्यांनी म्हणायचं, ही सही माझ्या पतीची. "पत्नीचा शब्द म्हणजे सर्टिफिकेटच, उत्तरेश्वर!" उद्याचा सोडून पुढच्या रविवारी.

पळत बिबवेवाडी. आजींना हात जोडले. म्हणलं, नुसतं हो म्हणा. माझी खोली जाईल. खोली गेली की बायको जाईल.

"मी खोटं बोलत नाही," आजी म्हणाल्या.

"मग सह्या केल्या त्या?"

"ते लिहिणं झालं. खोटं लिहिण्यावर तर या घराची चूल पेटली. बोलणं वेगळं."

मला हे काही कळत नाही. मोठ्या लोकांच्या घरात खोट्याचे पण दोन प्रकार असतात.

जाताना त्यांनी विचारलं, "तुझी बायको कशी आहे रे स्वभावाने?"

म्हणलं, "तुमच्यासारखी."

"मग कठीण आहे तुझं."

६ फेब्रुवारी, रविवार

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

साहेब, उत्कर्षा मॅडम अन् मी. मॅडम साहेबांच्या पत्नी, त्याही कॉम्प्युटरवाल्याच, पण भिंतीवरच्या म्हाताऱ्यांचा त्यांना कंटाळा आहे. आजी गर्द निळी साडी नेसून टेबलाशी बसल्या होत्या. साहेबांनी कॅमेरा लावला, लाल दिवा लागला. सहावा फोटो आजींच्या पुढं ठेवला. तो मी कालच साहेबांना नेऊन दिलेला.

"आजी, सांगा ना. हे कोण?"

"माझे यजमान."

"नाव सांगाल?"

"खाली लिहिलंय."

साहेब हसले. "तुमच्या तोंडून हवंय. रेकॉर्डसाठी."

ललिताताई म्हणाल्या, "आई नाव घेत नाही हो. जुनी पद्धत आहे."

तेव्हा उत्कर्षा मॅडम उत्साहानं म्हणाल्या, "अय्या, मग उखाणा घ्या ना आजी! सध्या हळदीकुंकवाचे दिवसच आहेत." अन् बोलल्यावर त्यांचा चेहरा उतरला. भिंतीवरचा हार त्यांना तेव्हा दिसला असावा. ललिताताईंनी ओठ आवळले. "आईला असलं सांगू नका. बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली."

साहेब कॅमेरा बंद करायला गेले.

"राहू दे चालू," आजी म्हणाल्या. "सौभाग्य गेलं की नावसुद्धा परत न्यायला येतात की काय कोणी? लिहून घे रे."

पदर सारखा केला. सरळ त्या लाल दिव्यात बघितलं. अन् शाळेतल्या पोरीसारखा खडा आवाज काढून म्हणाल्या,

"दौत माझी, टाक माझा, माझीच होती शाई,
जनार्दनरावांनी सही कधी केलीच नाही."

मी साहेबांच्या तोंडाकडं बघितलं.

साहेब हसत सुटले. टाळ्या वाजवल्या. "वा! काय सेन्स ऑफ ह्युमर आहे आजींचा! हे न्यू जर्सीला बघून वेडे होतील लोक." ललिताताई पदराला डोळे पुसत होत्या. मला वाटलं हसू येऊन पुसतात.

मॅडम पण हसत होत्या. मग हसता हसता त्यांचं लक्ष आजींच्या हाताकडं गेलं. मधल्या बोटाला निळा डाग होता. टेबलावर दौतीचं झाकण उघडंच राहिलं होतं. मॅडमचं हसू थांबलं. त्यांनी फोटो उचलला, बघितला, ठेवला. माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं.

आजी म्हणाल्या, "चहा टाक ललिता. आज साखर घाल मला."

७ फेब्रुवारी

साहेबांनी सकाळीच बोलावलं. टेप टीव्हीवर लावलेली, आजींचं तोंड उघडं अन् चित्र थांबवलेलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"सहाही?"

"सहाही. अन् साहेब, भिंतीवरचे अकरा पण. या घरात त्या सहीचे जेवढे आहेत तेवढे सगळे."

साहेब खाली बसले. इतका मोठा माणूस, पण पुसलेल्या पाटीसारखा रिकामा दिसला. म्हणाले, "मग माझ्याकडे आहे काय?"

मी म्हणलं, "फोटो त्यांचाच आहे साहेब." मला खरंच धीर द्यायचा होता.

मॅडम खिडकीशी उभ्या होत्या. "आणि सही सगळ्यांवर एकाच हाताची आहे, दिग्विजय. तेच तर तू भिंगातून तपासत होतास."

साहेब त्यांच्यावर काही बोलले नाहीत. माझ्यावर बोलले. फसवलंस. खाल्ल्या घरचे वासे मोजलेस. आणलेले पैसे परत दे म्हणाले. म्हणलं, निम्मे आजींकडं, निम्मे खोलीत गेले. मॅडम म्हणाल्या, "परत कशाचे? तू ओरिजिनल म्हणालास, त्याने घेतले."

गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. निघताना बघितलं, अकराच्या अकरा भिंतीवर तसेच होते. टेप मात्र साहेबांनी काढून खिशात घातली.

चालत चालत स्टँडवर पोचलो. का, ते मलाही माहीत नाही. नाशिकची लागली होती. नगरची होती. सोलापूरची तर सुटतच होती, कंडक्टर म्हणाला चल लवकर. मी पायरीवर पाय ठेवला. मग मनात आलं, डिपॉझिट वेणूबाईंच्या ट्रंकेत पडलंय. पाय काढला. अशानं माणूस जागेला चिकटत असेल तर चिकटत असेल.

९ फेब्रुवारी

आजींना सांगायला गेलो, काम गेलं म्हणून. मला वाटलं वाईट वाटेल त्यांना. त्या तयार होऊन बसलेल्या. "बरं झालं आलास. मला फोटो काढायला ने. ललिताचा गुडघा दुखतोय."

रिक्षानं चौकातल्या स्टुडिओत. पोरगा कॉम्प्युटरवाला होता. म्हणाला, "आजी, मागं बाग टाकू की ताजमहाल? आणि टिकली हवी तर लावून देतो नंतर, कॉम्प्युटरवर."

"मागे भिंत आहे ना? ती पुरे. आणि कपाळ आहे तसं राहू दे. यांचे चष्मे काढून झालेत, माझं काही लावायला नको."

पैसे त्यांनी त्यांच्या निम्म्यातून दिले. अर्ध्या तासात फोटो. बाहेर बाकावर बसून मला म्हणाल्या, पेन दे. माझं दोन रुपयांचं बॉलपेन. खाली लिहिलं: विमला मोरगिरीकर. हात चांगलाच अडखळला. पहिला 'वि' दोनदा गिरवला. पण मग लांब रेघ, अन् शेवटी दोन ठिपके.

अन् तो फोटो मला दिला.

मी म्हणलं, "आजी, ह्याला किती येतील?"

"काही येणार नाहीत. म्हणून तर तुला देतेय."

परत येताना म्हणलं, डब्यात अजून फोटो आहेत ना बरेच? तर म्हणाल्या, "आहेत. राहू देत बिनसहीचे. नाव घेऊन झालं, आता लिहायचं संपलं."

मला वाटतं त्यांनाही माझ्यासारखाच कंटाळा येतो एकाच कामाचा.

१० फेब्रुवारी

पोपटशेठ म्हणाले, काम तसंच आहे, पगार तोच, तोंड गोरं करून आलास म्हणून वाढ मागू नकोस. उद्यापासून जातो.

धायरीला गेलो. म्हणलं मावशी, पंधरा होत नाहीत. नऊ दिलेत तेवढेच. काम सुटलं, जुन्या जागी परत लागलोय. पैसे परत द्या, नाहीतर चार महिने थांबा.

वेणूबाईंनी लसूण खाली ठेवला. "मला डिपॉझिट म्हागारी द्यायचा कट्टाळा येतो," म्हणाल्या. "बायकू खरी हाय ना?"

"खरी आहे."

"मग दाव. ती दारात हुबी ऱ्हायली की चावी देते. ऱ्हायलेलं म्हैन्या म्हैन्यानं. पर सप्तमीला हुबी पायजे."

तिथूनच फोन केला. दीपमालाला सगळं सांगितलं. काम गेलं ते, सह्यांचं, आजीचं, उखाण्याचं. रुपये पडत होते, पडू दिले. ती मधे एकदाही बोलली नाही. मला वाटलं लाइन गेली.

"हॅलो?"

"हाय की. ऐकलाले." मग म्हणाली, "म्हंजी काम न्हाई, गाडी न्हाई, डिपॉझिट पुरं न्हाई."

"नाही."

"मग आत्ताच येते. आता तुमाला पळून जायला काहीच ऱ्हायलं न्हाई."

"न्यायला येऊ का?"

"नगा. तुमी मधीच कुटं तरी उतरून जाताव. उत्तरेश्वर, तुमी तिथंच दारात थांबा."

मी फोन धरून तसाच उभा. तिनं केव्हाच ठेवला होता. एसटीडीवाला म्हणाला, "दादा, झालं का?"

घरी दर महिन्याला हजार जातात. या वेळी नाही. आईला कळवतो, पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून. सकाळी उघडल्या उघडल्या पोस्टात जाऊन दीपमालाच्या नावानं मनिऑर्डर करतो. उदगीर ते पुणे, साधी गाडी, एका माणसाचं यायचं भाडं, अन् वाटेत चहाला: दोनशे वीस रुपये.